येथे कचरा टाकू

रायपूरला तात्यापाऱ्यात आमचं जुनं घर आहे. पारा म्हणजे आळी. आळीच्या नावातच तात्या बसलेला असल्यामुळे इथे मराठी माणसं कुठून आली, हा प्रश्न खरं तर कुणाला पडू नये. पण आझाद हिंद एक्सप्रेसमधून उतरलेल्या पुण्याच्या प्रत्येक पाहुण्याला तो पडतो, आणि आम्ही दर वेळी बिंबाजी भोसल्यांपासून सुरुवात करतो. 1758 साली बिंबाजी रतनपूरच्या गादीवर बसले, कारभारात मराठी आणि मोडी आली, दसऱ्याला सोनं वाटायची चाल आली. त्यांच्या मागोमाग आमचे कुणी खापरपणजोबा दप्तर सांभाळायला आले असं घरात सांगतात. तलवार चालवायला आले असं कुणी सांगत नाही. आमच्याकडे बघून ते सांगणाऱ्यालाही पटलं नसतं.

तर या घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर आजोबांनी एक पाटी रंगवून घेतली होती. पांढऱ्या चुन्यावर काळी, हातभर उंचीची अक्षरं : 'येथे कचरा टाकू नये'. रायपुरात मराठीतून पाटी कशाला, असं कुणी म्हणालं की आजोबा म्हणत, "टाकणारा कुठल्याही भाषेत टाकतो. निदान पाटी तरी शुद्ध असावी." आजोबा गेले, पाटी राहिली. मग आईनं फाटकाच्या उजव्या अंगाला मधुमालती लावली. रायपूरच्या पावसात मधुमालती म्हणजे काही विचारू नका. एका श्रावणात ती भिंतीवर चढली, आडवी झाली आणि पाटीच्या शेवटच्या शब्दावर जी बसली ती बसलीच. उरलं ते एवढंच : 'येथे कचरा टाकू'.

घरातल्या माणसाला आपली पाटी दिसत नसते. ती वाचायची वेळ बाहेरच्यावर येते. आमच्या हे लक्षात आलं ते समोर नव्यानं राहायला आलेल्या, बँकेत बदलून आलेल्या शेजाऱ्यांमुळे. ते मूळचे बिलासपूरचे, स्वभावानं सज्जन, आणि कुतूहल दाबून ठेवणारे. चार महिने त्यांनी ते दाबलं. मग एके दिवशी दुधाच्या पिशव्या घेताना हळूच म्हणाले, "भाई साहब, बुरा न मानें तो एक बात पूछूँ? ये टाकू जी कौन हैं?"

मी म्हटलं, "कोण टाकू जी?"

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांच्या हिशेबानं ते घरमालकाचं नाव होतं. मराठी माणसाच्या नावात आधी स्वतःचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असतं, हे बँकेत फॉर्म तपासून तपासून त्यांना पाठ होतं. येथे हे नाव, कचरा हे वडील. (छत्तीसगडात कचरा हे माणसाचं नाव असू शकतं, त्यामुळे तिथं त्यांना काही खटकलं नव्हतं.) आणि टाकू हे आडनाव. मराठी आडनावं कशीही असतात हेही त्यांनी बँकेतच पाहिलं होतं. शिवाय हिंदीत लड़ाकू असतो, पढ़ाकू असतो, तसा टाकू. फक्त नावाखाली लोक एवढा कचरा का आणून टाकतात, याचा उलगडा होत नव्हता. त्यांना वाटलं होतं, जुनं वैर असेल.

मी वेल बाजूला करून 'नये' दाखवला. ते हसले नाहीत. माणसाची एक ओळख कायमची गेली की चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

रात्री मात्र मला झोप लागेना. कारण 'येथे कचरा टाकू' हे नुसतं तुटलेलं वाक्य नव्हतं. ते चांगलं, धडधाकट, पुरं मराठी वाक्य होतं. आपण सगळे मिळून येथे कचरा टाकू. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकमतानं मंजूर झालेल्या ठरावासारखं. एक शब्द झाकला तर मनाईचं आवाहन होतं. आणि तो एक शब्द नेमका सगळ्यात शेवटी, वेलीच्या, पावसाच्या, पानाच्या पिचकारीच्या तोंडाशी.

दोष वेलीचा नाही. मराठीत नाही, नको, नये, नका ही सगळी मंडळी वाक्याच्या शेवटी बसतात. लग्नात घरची माणसं जशी सर्वांत शेवटच्या पंगतीला बसतात तशी. महत्त्वाची तीच, पण पोचतात तेव्हा श्रीखंड संपलेलं असतं.

माझा एक आतेभाऊ आहे. त्यानं एकदा पन्नास हजार रुपये मागितले. मी फार विचार करून, त्याचं मन दुखवायचं नाही म्हणून, बेतानं सुरुवात केली, "हे बघ, तू आमचा, तू मागतोस म्हणजे नड खरीच असणार, तेव्हा पन्नास हजार रुपये मी तुला आज लगेच देऊ..." इथे मला ठसका लागला. पुढचे दोन शब्द 'शकत नाही' असे होते. पण ठसका ओसरेपर्यंत आतेभाऊ माझ्या पाया पडून, आईला नमस्कार करून, चहाला नको म्हणून फाटकाबाहेर गेला होता. पन्नास हजार गेले ते अजून आलेले नाहीत. इंग्रजीत बोललो असतो तर दुसऱ्याच शब्दाला पैसे वाचले असते. हिंदीत बोललो असतो तरी वाचले असते. हिंदीतला 'नहीं' क्रियापदाच्या आधी येतो. 'नहीं दे सकता' यात ठसका 'सकता'वर लागला तरी व्यवहार सुरक्षित.

ऑटो येस्पर्सन नावाचा एक डॅनिश पंडित 1917 साली नकारावर आख्खं पुस्तक लिहून गेला. त्याचं म्हणणं असं की जगभरातल्या माणसांचा कल नकार शक्य तितका आधी टाकण्याकडे असतो, म्हणजे ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. बरोबर आहे. फक्त येस्पर्सन आमच्या आईला भेटला नव्हता.

आईचं वय ब्याऐंशी. तिला वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायची सवय आहे, आणि श्वास नेमका नकाराच्या अलीकडे संपतो. माझा नातू तेव्हा दीड वर्षाचा होता. स्वयंपाकघरात ओट्याखाली नुकताच उतरवलेला कुकर होता आणि नातू त्याच्याकडे निघाला होता. आई पाटावरून म्हणाली, "अरे सोन्या, त्या कुकरला हात लावू..." आणि श्वास घेतला. दीड वर्षाच्या मुलाला 'लावू' म्हणजे काय कळतं? चल, आपण लावू. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची परवानगी. त्यानं वेग वाढवला. त्या वेळी भांडी घासायला आलेल्या, आरंगकडच्या गावातून रोज येणाऱ्या दीदी मोरीतून ओरडल्या, "झन छू!"

झन. छत्तीसगडीत 'नको'ला झन म्हणतात आणि तो क्रियापदाच्या आधी उभा असतो, चौकीदारासारखा. झन जा, झन खा, झन छू. छू म्हणजे काय हे कळायच्या आत झन पोचलेला असतो. नातू जागच्या जागी बसला आणि रडायला लागला. तेवढ्यात मागून आईचा 'नकोस' आला. उशिरानं आलेल्या तारेसारखा.

आई त्या दिवशी म्हणाली, "त्यांची भाषा मुलं सांभाळायला बरी. आपली आपली कीर्तनाला." मला वाटतं, तुलनात्मक भाषाशास्त्रात याहून नेमकं कमी लिहिलं गेलं आहे. छत्तीसगडीचं व्याकरण 1885 साली हीरालाल काव्योपाध्याय यांनी लिहिलं, आणि 1890 साली ग्रियर्सननं त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं, म्हणजे या बोलीची दखल काही आजची नाही. पण आईनं तिची दखल कुकरनंतर घेतली.

आता खरी अडचण सांगतो. आम्ही रायपूरकर बोलतो ते मराठीच. शब्द सगळे मराठी, कुठे कुठे नागपूरच्या बाजूचे. फक्त ते ज्या क्रमानं उभे राहतात तो क्रम आम्ही शाळेत, बाजारात, क्रिकेटच्या मैदानात हिंदीकडून घेतला आहे. सामान आमचं, मांडणी भाडेकरूची. आम्हाला याचा पत्ता नसतो. पत्ता लागतो पाहुणे आल्यावर.

पुण्याच्या माणसाला उपमा नको असेल तर तो म्हणतो, "मी उपमा खाणार नाही." साधं निवेदन. आमची मुलं म्हणतात, "मी नाही खाणार उपमा." त्यांच्या डोक्यात 'मैं नहीं खाऊँगा' चालू असतं, तेही साधं निवेदनच. पण 'नाही' पुढे आणला की पुण्याच्या कानाला तो हट्ट वाटतो. ओठ पुढे काढलेला, पाय आपटलेला. सदाशिव पेठेतल्या आमच्या मावशी (आईची चुलतबहीण, आम्ही सगळे मावशीच म्हणतो) आल्या की पहिले दोन दिवस माझ्या मुलाला जवळ घेऊन म्हणायच्या, "असं रुसू नये राजा. कोण बोललं तुला?" मुलगा तेव्हा बी. ई.च्या शेवटच्या वर्षाला होता.

याची परतफेड मावशींच्या हिंदीत व्हायची. त्या रिक्षावाल्याला सांगायच्या, "मैं पचास रुपये दूँगी नहीं." त्यांना फक्त एवढंच म्हणायचं असायचं की मी पन्नास देणार नाही. पण हिंदीत 'नहीं' मागे टाकला की त्याला धार चढते. आमच्या रिक्षावाल्याला ते असं ऐकू यायचं की बसेन, जाईन, उतरेन, आणि मग बघून घेईन. एकानं तर पैसे आधी मागितले. म्हणजे एकीकडचं सरळ वाक्य दुसरीकडे भांडण, आणि शब्द दोन्हीकडे तेच.

या जागी मला नेहमी माधवराव सप्रे आठवतात. मराठी घरातला हा माणूस 1871 साली दमोहकडच्या पथरियात जन्मला, रायपुरात शिकला, 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढू लागला, आणि 1926 साली रायपुरातच वारला. हिंदीतली पहिली कथा कोणती यावर वाद घालणारे पुष्कळ जण त्यांच्या 1901च्या 'एक टोकरी भर मिट्टी'शी येऊन थांबतात. त्यांनी 'दासबोध' हिंदीत नेला आणि टिळकांचं 'गीतारहस्य'ही. आता 'गीतारहस्य' म्हणजे पानापानावर पूर्वपक्ष आणि त्याचं खंडन. हे खरे नव्हे, ते बरोबर नाही, असे म्हणता येत नाही. मी डोळ्यांसमोर आणतो : माधवराव मांडी घालून बसले आहेत, आणि लोकमान्यांचा एकेक 'नाही' वाक्याच्या शेवटावरून अलगद उचलून क्रियापदाच्या पलीकडे, एक घर मागे ठेवताहेत. सोंगटी हलवावी तसा. बाकीचं वाक्य बहुतेक जिथल्या तिथे. लोकांना वाटतं मराठी-हिंदी भाषांतर सोपं, क्रम सारखाच तर आहे. सारखाच आहे म्हणून तर अवघड. घर तेच, फक्त रात्री कुणीतरी एक स्टूल हलवलेलं, आणि आपण अंधारात चालतोय.

असंच दुसरं स्टूल म्हणजे 'काय'.

मराठीत 'तुम्ही काय जेवलात?' हा पदार्थाचा प्रश्न. 'तुम्ही जेवलात काय?' हा जेवणाचा. आणि 'काय तुम्ही जेवलात!' हा प्रश्नच नाही, तो शेरा आहे. हिंदीत 'क्या' पुढे आला की हो-नाहीचा प्रश्न होतो : 'क्या आपने खाना खाया?' आमची सून दुर्गची. मराठीच, पण दुर्गची. लग्नानंतर मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा तिनं सकाळी पोह्यांची बशी उचलता उचलता अत्यंत नम्रपणे विचारलं, "काय तुम्ही पोहे खाल्ले?"

मावशींनी बशीकडे बघितलं. बशी रिकामी होती.

"दोनदाच घेतले गं," त्या म्हणाल्या.

सुनेला वाटलं, यांना अजून हवेत. तिनं आणखी आणले. मावशींना वाटलं, वर टोमणा मारून पुन्हा वाढतेय, म्हणजे मुलगी पोचलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चहा घेऊन दारात उभं राहून सुनेनं विचारलं, "काय तुम्ही झोपलात?" झोपल्या असाल तर चहा नंतर आणते, एवढाच त्याचा अर्थ. मावशी अंथरुणातून ताडकन उठल्या आणि चादरीची घडी घालू लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सून चांगली आहे तुझी," त्या म्हणाल्या, "पण बोलते फार लागट."

गंमत पुढेच आहे. त्याच दुपारी दीदी आल्या, आणि पदर खोचता खोचता मावशींना म्हणाल्या, "भात खायेव का, दाई?" मावशींचा चेहरा उजळला. 'का' शेवटी! जिथं असायला हवा तिथं! छत्तीसगडीत का म्हणजे काय; पुढे आला तर वस्तू विचारतो, शेवटी आला तर हो-नाही विचारतो, अगदी मराठीच्या शिस्तीनं. त्यातून 'ला'सुद्धा आपलाच : मला-तुलाच्या जागी मोला-तोला, आणि रामाला म्हणायचं तर राम ला. मावशी भात नको म्हणाल्या, त्यावर दीदींनी विचारलं, "काबर?" छत्तीसगडीत काबर म्हणजे कशाला, का म्हणून. मावशींनी ऐकलं : का बरं? संध्याकाळी त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "तुमच्या घरात शुद्ध मराठी बोलणारी एकच बाई आहे, आणि तुम्ही तिला भांडी घासायला ठेवलंय."

सून आत जाऊन रडली. मी तिला समजवायला गेलो आणि म्हणालो, "काय तू रडतेस?" तेही चुकलंच.

शब्दांच्या जागेवर माणसाची इज्जत कशी टांगलेली असते, हे बघायला 'पण'सारखा शब्द नाही. सुनेच्या डोहाळजेवणाला कुणी कुणी आलं याची यादी आई फोनवर मावशींना सांगत होती. 'काकू पण आल्या' म्हणजे सगळे आले, त्यात काकूही. 'पण काकू आल्या' म्हणजे इतर कुणी येवो न येवो, त्या तरी. 'काकू आल्या पण' म्हणजे आल्या खऱ्या, पुढचं विचारू नका. तीन शब्द, तीन जागा, तीन काकू. आईनं तिसरी सांगितली. पुढचं मावशींनी विचारलंच, आणि आमचं फोनचं बिल आलं.

तिकडे, म्हणजे विद्यापीठांत, हे लोक फार थंड डोक्यानं मांडतात. 1963 साली जोसेफ ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं तीस भाषा घेऊन पाहिलं की कर्ता, कर्म, क्रियापद कुठल्या क्रमानं येतात आणि त्यावरून बाकी काय काय ठरतं. त्याच्या लक्षात आलं, क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत 'घरात', 'टेबलावर'मधले 'त' आणि 'वर' नामाच्या मागे लागतात. क्रियापद पुढे ठेवणाऱ्यांत ते नामाच्या आधी येतात. फार सुंदर काम आहे. मी त्या तीस भाषांची यादी मुद्दाम पाहिली. हिंदी आहे. कानडी आहे. मराठी नाही. वरून हिंदी घेतली, खालून कानडी घेतली, आणि मधला प्रदेश तसाच. सीमाप्रश्न अमेरिकेपर्यंत गेला होता हे मला ठाऊक नव्हतं. चौबे कॉलनीतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात मी निषेधाचा ठराव मांडायचं म्हणत होतो, पण गणपती जवळ आले होते आणि सगळे स्टॉलवरच्या साबुदाणा वड्यांच्या हिशेबात होते.

त्या तिसांत कर्म आधी, मग क्रियापद, मग कर्ता असं बोलणारी एकही भाषा नव्हती. मग 1977 साली डेस्मंड डर्बीशर यांनी ब्राझीलच्या जंगलातली हिश्कर्याना ही भाषा पुढे आणली. तिथले लोक 'माणूस, पकडला, जॅग्वार' या क्रमानं बोलतात आणि त्याचा अर्थ जॅग्वारनं माणसाला पकडलं असा होतो. जगभरच्या पंडितांना नवल वाटलं. आमच्याकडे कुणाला वाटणार नाही. 'माणसाला पकडलं वाघानं!' असं आपण रोज बोलतो. आपल्या नामांना 'ला' आणि 'नं'ची शिवण मारलेली असते. कुठेही फेका, उसवत नाहीत.

शिवण नसेल तरी आपल्याला घोर नाही. 'मांजर उंदीर खातं.' आता उलटवा : 'उंदीर मांजर खातं.' तरी मेला उंदीरच. कारण 'खातं' हे नपुंसकलिंगी, ते मांजराचं. उंदराला 'खातो' लागलं असतं. पुढेमागे कसेही उभे करा, क्रियापद खाणाऱ्याकडे बोट दाखवतं. मी हे नातवाला समजावत होतो. आता तो आठ वर्षांचा आहे आणि कुकरपासून लांब आहे. तो म्हणाला, "आजोबा, आणि बोका असला तर?" 'बोका उंदीर खातो.' 'उंदीर बोका खातो.' मी बराच वेळ विचार केला. दोघे पुल्लिंगी, दोघांना 'खातो'. इथे खरंच उंदीर बोक्याला खाऊ शकतो. दीदी तिथेच लसूण सोलत होत्या. छत्तीसगडीत क्रियापदाला लिंगच नाही. टुरा पण जाथे आणि टुरी पण जाथे. त्या म्हणाल्या, "बिलई ह मुसवा ला खाथे," आणि 'ला'वर अशी थाप मारली की उंदराला पळायला जागा उरली नाही.

शब्दांची जागा बदलून आकडा ढिला करता येतो, हे मात्र मला भिलईच्या काकांनी शिकवलं. काका स्टील प्लांटात होते. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959ला राजेंद्रबाबूंनी पहिली झोतभट्टी सुरू केली, आणि काका पुढे काही वर्षांनी तिथे लागले. रशियन तज्ज्ञ तेव्हा होतेच. काका त्यांच्याकडून पोलादाबद्दल किती शिकले मला सांगता येणार नाही, पण थोडी रशियन शिकले. रशियनमध्ये पाच माणसं म्हणायचं तर 'प्यात् चेलोव्येक'. आकडा आधी, माणसं नंतर, म्हणजे मोजून पाच. पण तेच उलटं करून 'चेलोव्येक प्यात्' म्हटलं, की पाचेक. चार असतील, सहा असतील. वेगळा शब्द लागत नाही, नुसतं पुढचं मागे.

काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते घरात लागू केलं. "आज पाच माणसं जेवायला" म्हणाले की काकू मोजून पाच ताटं घेत. "आज माणसं पाच जेवायला" म्हणाले की कणीक आठांची मळत. पन्नास वर्षं त्यांचा संसार या एका रशियन युक्तीवर विनातक्रार चालला. पण काकांच्या मुलीच्या लग्नात ही युक्ती घराबाहेर पडली. आचारी होता बिचारा पुराणी बस्तीतला. काका त्याला हिंदीत म्हणाले, "आदमी होंगे ढाई सौ." काकांच्या मते हा सुमारे अडीचशेचा अंदाज, तीनशेची तयारी ठेव, असा त्याचा अर्थ. आचाऱ्याच्या मते ढाई सौ म्हणजे ढाई सौ. दोनशे एकावन्नाव्या माणसाला जिलेबी मिळाली नाही. तो माणूस मुलाकडचा होता. काका त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि त्याला रशियन व्याकरण समजावू लागले.

पाटीकडे परत येतो.

कचरा काही थांबेना. तेव्हा गेल्या उन्हाळ्यात मी ठरवलं की पाटी नव्यानं रंगवायची आणि या वेळी शास्त्रीय पद्धतीनं. नकार सर्वांत आधी. मराठीतला 'नये' पुढे येत नाही, हिंदीत 'मत' पुढे येतो पण मागेही जातो. ते 'रोको मत जाने दो'चं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. मी छत्तीसगडी घेतली. 2007 साली ती राज्याची राजभाषाही झाली आहे, म्हणजे कायद्याचाही आधार. रंगाऱ्याला चिठ्ठी लिहून दिली : 'झन फेंकव इहाँ कचरा'.

रंगारी म्हणाला, असं कुणी बोलत नाही. 'इहाँ कचरा झन फेंकव' असं बोलतात. मी म्हटलं, बोलत नसतील, पण झन पहिला हवा. डाव्या टोकाला, वेलीपासून लांब. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की भिलईच्या काकांची आठवण झाली. पण लिहिलं. वेल मी उजवीकडून सोडवली, सुतळीनं बांधून भिंतीच्या डोक्यावरून डावीकडे नेली आणि तिकडच्या खांबाला गुंडाळली. म्हटलं, आता वाढ कुठे वाढायची ती.

ती वाढली. श्रावण आला. मी आठ दिवस पुण्याला गेलो होतो, परत आलो तो फाटकापाशी कचऱ्याचा ढीग पूर्वीच्या दुप्पट. मधुमालती डाव्या खांबावरून खाली उतरून नेमकी पहिल्या शब्दावर पसरली होती, लाल-पांढऱ्या घोसांनी लगडून. उरलेला मजकूर स्वच्छ वाचता येत होता : 'फेंकव इहाँ कचरा'. आणि या वेळी तो वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होता. समोरचे बँकवाले फाटकाशी उभे होते. म्हणाले, "टाकू जी ने मकान बेच दिया क्या?"

मी उत्तर दिलं नाही. तडक आत गेलो, झाडं छाटायची मोठी कात्री घेतली आणि भिंतीपाशी आलो. आई ओसरीत खुर्चीवर बसली होती. तिनं कात्री पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "अरे, ती वेल आता कापू..."

मला हायसं वाटलं. ती आईची वेल, तिनंच लावलेली. तिची तयारी आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मी बुंध्याशी कात्री लावून जोर केला.

'नकोस' आला तेव्हा मधुमालती रस्त्यावर पडली होती.